प्रतिसाद: ग्राफ्लॉक बॅक नकोच

वर विचारलंय, अ‍ॅनिव्हर्सरी स्पीड ग्राफिक हा जुना प्रेस कॅमेरा मूळ रूपात दुरुस्त करताना त्याला ग्राफ्लॉक बॅक (फिल्म होल्डर धरणारी मागची चौकट) चालेल का. वापरायला झकास, पण काळाला धरून नाही. मॉडेल 1940 ते 1947चं, ग्राफ्लॉक आली 1949ला. होल्डर स्प्रिंगने दाबून धरणारी जुनी स्प्रिंग बॅकच ठेवा.

लेन्स कोडॅक एक्टार असेल तर सीरियल नंबराआधीची दोन अक्षरं बघा, ती म्हणजे लेन्सच्या सालाचे शेवटचे दोन आकडे. 'कॅमेरॉसिटी' (CAMEROSITY) या सांकेतिक शब्दात सी म्हणजे 1, ए म्हणजे 2, असं करत शेवटचा वाय 0. 'ईओ' दिसलं की 4 आणि 6, म्हणजे 1946!

भात्याचं (लेन्स आणि बॅकमधल्या घड्यांच्या नळीचं) म्हणाल तर, कोल्हापुरात चामड्याला काय तोटा, म्हणून मी चप्पल लाइनीत गेलो. कारागीर हसला, "दादा, ह्ये पायात घालायचं, घडी घालायचं न्हवं." खरंच होतं. शेवटी जुनाच भाता ठेवला, अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावून घड्यांच्या कोपऱ्यांतली भोकं तेवढी बुजवली.