एआयने अर्ज नाकारला, तर दाद कुणाकडे मागायची?

पूर्वभागकर:
ओळखीच्या एका कारखानदाराने चादरीचं डिझाइन एआयकडून काढून घेतलं. फसलं तर माल पडून राहील, तोटा त्याचा. मला भीती माणसांवरच्या निर्णयांची वाटते. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानात हजारो कुटुंबांवर लबाडीचा शिक्का बसला. कुणावर संशय घ्यायचा हे ठरवणाऱ्या संगणकीय प्रणालीत परकीय नागरिकत्व हाही एक निकष होता. जानेवारी 2021 मध्ये तिथल्या सरकारला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे विड्या वळून बोटं झिजलेल्या बायकांचा रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. उद्या त्यांची पेन्शन असंच एखादं मशीन ठरवणार?

जेकार्डवाला:
उगं घाबरवू नका ओ. 1804 चा जेकार्ड मागाचा शोध. भोकं पाडलेले पुठ्ठे नक्षी ठरवायला लागले तेव्हा विणकर असेच चिडले होते. आज त्याच जेकार्ड मागावरच्या चादरींमुळे सोलापूरचं नाव आहे. आणि नेदरलँड्समध्ये कुटुंबांकडून सगळी रक्कम परत वसूल करणारे अधिकारी माणसंच होती की! आपला बाबू तरी कुठं देवमाणूस? मशीन चिरीमिरी मागत नाही, जात विचारत नाही.

पूर्वभागकर:
विचारायची गरजच काय? आडनाव आणि पेठ कळली की झालं. अॅमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळायला एक प्रणाली बनवली होती. शिकवायला जुने अर्ज दिले, त्यांत बहुतेक पुरुषांचे. मग ती बायकांचे अर्ज मागे टाकायला लागली आणि कंपनीला ती बंद करावी लागली. 2018 मध्ये हे बाहेर आलं. तुमच्या पुठ्ठ्याचं भोक चुकलं तर धागा बघून कळतं. इथं कुठलं भोक चुकलं हे बनवणाऱ्यालाही धड सांगता येत नाही.

कोर्टाची पायरी:
न्यूयॉर्कमध्ये 2023 साली वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिले. 5000 डॉलर दंड भरला वकिलांनी, चॅटजीपीटीने नव्हे.

जेकार्डवाला:
म्हणजे जबाबदार माणूस सापडला ना? माझंच म्हणणं झालं हे.

पूर्वभागकर:
सापडला, कारण कागदावर वकिलाची सही होती. पेन्शन नाकारणाऱ्या कागदावरही अधिकाऱ्याची सही, मराठीत कारण आणि अपिलाची मुदत असू द्या. माझा विरोध संपला.

जेकार्डवाला:
सहीसाठी तर आत्ताही चार चकरा होतात! असू द्या सही. पण अर्ज चाळायचं काम मशीनलाच द्या, नाहीतर फायली परत धूळ खातील.