मदत हवी आहे: हीथ्रोहून व्हाइटचॅपल आणि पुढे लंडनमध्ये आईला घेऊन फिरणं (गाडी नाही, जिने नकोत)

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आईला घेऊन लंडनला जातेय. मावसभाऊ व्हाइटचॅपलला राहतो, त्याच्याकडे गाडी नाही आणि त्या दिवशी त्याला ऑफिसातून लवकर निघता येणार नाही, त्यामुळे हीथ्रो विमानतळाहून आमचं आम्हालाच जायचंय. आई ७१ वर्षांची. सपाटीवर हळूहळू बरंच चालते, पण दोन्ही गुडघे गेलेत, जिना उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवून, कठडा घट्ट धरून उतरते. म्हणजे स्वस्त काय पडेल यापेक्षा लिफ्ट कुठे आहे हे मला जास्त महत्त्वाचं.

आत्तापर्यंत शोधलंय ते असं. २०२२ ला सुरू झालेली एलिझाबेथ लाइन ही रेल्वे टर्मिनल २ वरून थेट व्हाइटचॅपलला जाते, गाडी बदलायची नाही, आणि तिच्या सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट आहे. पिकॅडिली लाइन या मेट्रोचं तिकीट निम्म्याहून कमी, पण मध्ये गाडी बदला आणि बऱ्याच स्टेशनांवर जिने, म्हणून ती बाद. हीथ्रो एक्सप्रेस ही गाडी पॅडिंग्टन स्टेशनलाच संपते, आमच्या कामाची नाही.

आता अडतंय ते सांगते. विमान दुपारी उतरतंय, इमिग्रेशन आणि सामान होऊन गाडीत बसेपर्यंत पाच तरी वाजतील. एअरपोर्टवर बसायला जागा मिळेल, पण पॅडिंग्टनच्या पुढे ऑफिस सुटलेली गर्दी आमच्याच दिशेने जाणार ना? दोन मोठ्या बॅगा घेऊन व्हाइटचॅपलला उतरताना डब्याच्या दारापर्यंत पोचता येतं का? गाडी दोनशे मीटर लांब आहे म्हणे, तर कुठल्या डब्यात बसलो की उतरल्यावर लिफ्ट जवळ पडेल हे रोज जाणाऱ्या कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.

दुसरं, भाड्यासाठी गेटवर टॅप करायच्या कार्डाचं. एका कार्डावर दोघींना जाता येत नाही, प्रत्येकीला वेगळं लागतं, आणि साठीच्या पुढची सवलत तिथे राहणाऱ्यांनाच आहे. माझ्याकडे फॉरेक्स कार्ड आहे, आईसाठी दुसरं काढू की ऑयस्टर (लंडनचं प्रवासाचं कार्ड) घेऊ? भारतातलं फॉरेक्स कार्ड गेटवर नीट टॅप होतं का, हा अनुभव कुणाला?

शहरात शक्यतो बसनेच फिरायचं ठरवलंय, बसमध्ये रोख चालत नाही पण एका तासात कितीही बस बदलल्या तरी एकच भाडं लागतं हे मला फार आवडलं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. आई शाळेत शिक्षिका होती, ती म्हणते बाकी काही नाही दाखवलंस तरी चालेल पण बाबासाहेबांचं घर दाखव. १९२१-२२ ला ते राहिले ते किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलेलं. मी ठरवलंय ते असं की एलिझाबेथ लाइनने टॉटनहॅम कोर्ट रोड, तिथून २४ नंबरच्या बसने कॅम्डेन, मग ३१ नंबरने ॲडलेड रोड. यापेक्षा सोपा रस्ता आहे का? बसमधून उतरल्यावर घरापर्यंत चढ कितपत आहे आणि आत गेल्यावर वरच्या मजल्यावर जिन्यानेच जावं लागतं का? हल्ली कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज कळवा, आईला तसं आधी सांगून ठेवीन.