लाडक्या आरपीजी, त्यांच्या खोडी आणि तुमचा क्रम

कडक भाकरी:
बाहेर ४३ डिग्री आहे, होटगी रोडवर कुत्रंसुद्धा दिसत नाही, तर म्हटलं बसल्याबसल्या धागा काढावा. तुमच्या आवडत्या आरपीजी, म्हणजे एक पात्र घेऊन त्याची लेव्हल वाढवत खेळायचे गेम, क्रमाने सांगा, अट एकच, प्रत्येकीची खोड पण सांगायची. नुसतं "मास्टरपीस आहे" म्हणणाऱ्याचा नंबर धरणार नाही.

माझा पहिला नंबर फॉलआउट न्यू व्हेगस, २०१० चा. ऑब्सिडियन कंपनीने दीड वर्षात उभा केलेला आणि ते दिसतंच. सुरुवातीला जो डॉक्टर आपल्याला बरं करतो त्याचं मुंडकं रिलीजच्या वेळी भिंगरीसारखं फिरायचं. क्रॅशचं तर विचारूच नका, दार उघडलं की सेव्ह, कुणाशी बोललं की सेव्ह, ती सवय इतकी लागली की आता ऑफिसात एक्सेलच्या दर ओळीला कंट्रोल एस दाबतो.

खेळलो नवी पेठेतल्या एका नेट कॅफेत, तासाला २० रुपये, चार नंबरचा पीसी. सगळ्यांची सेव्ह एकाच फोल्डरला. एका सोमवारी जाऊन बघतो तर माझ्याच सेव्हवर कुणीतरी लीजनच्या, म्हणजे शत्रूच्या फौजेच्या बाजूने खेळून गेलेला, ज्या एनसीआर फौजेसाठी मी पंधरा दिवस वणवण केली त्यांचेच सैनिक मला बघून गोळ्या घालायला लागले. कॅफेवाला म्हणतो, "तुझ्याच माणसाने केलंय की, मग तक्रार कुणाची?" तरी एक नंबर, कारण बोलण्याचं कौशल्य पुरेसं वाढवलं असेल तर शेवटच्या लढाईत समोरच्या सेनापतीला नुसतं बोलून परत पाठवता येतं. मी पाठवला. एक गोळी न झाडता.

दुसरा मास इफेक्ट २. खोड म्हणजे ते ग्रह स्कॅन करत बसणं, बोअर घ्यायच्या आधी हातात नारळ घेऊन रानात पाणी बघत फिरतात ना, अगदी तसं. तिसरी जागा रिकामी ठेवलीय, पटवून द्या.

खटखट:
स्कायरिम. दुसरं तिसरं काही नाही.
आमच्या घराखाली वडिलांचे चार लूम, खटखट चालू असली की टीव्हीचा आवाज ऐकूच येत नाही म्हणून सबटायटल लावून खेळायचो. लाईट गेली की लूम पण बंद, पीएसथ्री पण बंद, वडील खाली ओरडणार धोटा अडकला म्हणून आणि मी वर ओरडणार सेव्ह गेली म्हणून. त्यात पीएसथ्रीवरची खोड अशी की जेवढं जास्त खेळाल तेवढी सेव्हची फाईल फुगत जाते आणि मग गेम रांगायला लागतो. ऐंशी-नव्वद तासांनंतर माझा माणूस दोन पावलं चालायचा आणि विचार करत उभा राहायचा. म्हणजे जो जास्त प्रेम करतो त्यालाच शिक्षा.

पहिल्याच दिवशी त्या मॅमथवाल्या राक्षसाच्या वाटेला गेलो, त्याने सोटा हाणला आणि माझा माणूस सरळ आभाळात. वडील मागं चहाचा कप घेऊन उभे होते, बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, "हे आता खाली येतंय का?" त्यानंतर ते रोज अर्धा तास येऊन बसायचे. मेन स्टोरी मी अजून पूर्ण केलेली नाही, कुठे राहिलीय ते पण आठवत नाही.

गुळगुळीत:
विचर ३. खोडी दोन. रोच घोडी शिट्टी मारली की कधी छपरावर चढून उभी असते, आणि ग्वेंट. पोरगी हरवलीय, जग बुडालंय आणि आमचा गेराल्ट दुकानदाराशी पत्ते कुटत बसलाय. पण त्या दारुड्या बॅरनची गोष्ट जिथे जाते ना, ती संपल्यावर मी त्या दिवशी परत गेम लावला नाही.

चौथ्या दिवसाचं पाणी:
एल्डन रिंग. खोड: पॉज नाही. ऑफलाईन एकटं खेळत असलं तरी नाही.
जुळे सोलापुरात राहणाऱ्यांना ह्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं आणि कधी येईल त्याचा नेम नाही. मार्गिट नावाच्या राक्षसापुढे मी तेवीस वेळा मेले होते, चोविसाव्या वेळेला त्याची काडीएवढी हेल्थ राहिलेली आणि बाहेरनं आईची हाक, "अगं पाणी आलं, मोटार लाव!" पॉज असता तर लावून आले असते. मी म्हटलं दोनच मिनिटं. आई म्हणाली, "त्याला म्हणावं थांब जरा." तो थांबला नाही, मी पण नाही, मारला त्याला, पण तोवर शेजाऱ्यांच्या मोटारी चालू झाल्या होत्या आणि आमच्या टाकीत बारीक धार. पुढचे चार दिवस घरात प्रत्येक बादलीमागे मार्गिटचा उद्धार.

दुसरी खोड, कुणी काय काम सांगितलं त्याची नोंद गेम ठेवतच नाही. मी दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानापासून लिहायला लागले. एका बाजूला "म्हैस अर्धा लिटर", दुसऱ्या बाजूला "इरिनाने पत्र दिलंय, मॉर्नच्या किल्ल्यात कुणाला द्यायचं?" ती वही अजून आहे. दुधाचा हिशोब मात्र चुकला.

बाळीवेस:
पोरांनो, मी पंचेचाळिशीचा माणूस. मॉरोविंड, २००२. नकाशावर बाण नाही, काही नाही. माणूस सांगतो, पुलावरनं जा, खडक दिसला की डावीकडे वळ, बस्स. आपल्याकडे "बाळीवेशीतनं सरळ जा आणि पुढं कुणालाही विचार" म्हणतात तसंच, फक्त तिथं पुढं विचारायला कुणी नसतं, वरनं ते पंखवाले क्लिफ रेसर डोक्यावर घिरट्या घालतात. सुरुवातीला तलवार उंदराच्या आरपार जाताना दिसते आणि गेम म्हणतो चुकला, कारण आत फासे पडत असतात. आजच्या पोराला दहा मिनिटांत वैताग येईल. पण एकदा गुहा सापडली ना, की ती मी शोधलेली असते, बाणाने नाही. भाकरीसाहेब, तुमच्या तिसऱ्या जागेला हा घ्या.

कडक भाकरी:
काका, खोड इतकी प्रेमानं सांगितलीत की घ्यावाच लागणार. तिसरा मॉरोविंड, नोंद केली.

बार्शी एसटी:
पोकेमॉन फायररेड. हसू नका. कॉलेजला असताना रोज बार्शी-सोलापूर, फोनवर इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनचे गेम चालवणारं ॲप, स्पीड डबल करून.

गुळगुळीत:
काय बोलालास बे, ही आरपीजी कधीपासून?

बार्शी एसटी:
लेव्हल आहे, पार्टी आहे, पाळीपाळीने मारामारी आहे, अजून काय पाहिजे, दाढीवाला हिरो? खोड ऐका आधी. हॉन्टर नावाच्या पोकेमॉनचा पुढचा अवतार गेंगार, तो ट्रेड म्हणजे दुसऱ्याशी अदलाबदल केल्याशिवाय होतच नाही. ट्रेडला दुसरा माणूस लागतो आणि फोनमधल्या माझ्या इम्युलेटरला तशी सोयच नव्हती. गोलबॅटचं आणखी वेगळं, नॅशनल डेक्स, म्हणजे पोकेमॉनची मोठी यादी, मिळेपर्यंत त्याचा क्रोबॅट होतच नाही, दर लेव्हलला चमकतो आणि आपोआप थांबतो. मला वाटलं मीच चुकून बदल थांबवायचं बी बटण दाबतोय, म्हणून वैरागपर्यंत अंगठा वर धरून बसलेलो. हॉन्टर तर लेव्हल ७१ चा झाला तरी हॉन्टरच. त्याच हॉन्टरने चॅम्पियनला हरवलं म्हणून पहिला नंबर.

चौथ्या दिवसाचं पाणी:
माझ्या भावाकडे दोन गेमबॉय ॲडव्हान्स पडून आहेत, केबलसकट. फायररेडचं कार्ट्रिज पण आहे, लीफग्रीनचं पण.

बार्शी एसटी:
माझी सेव्ह फोनमध्ये आहे हो ताई, ती तिकडे कशी नेणार.

चौथ्या दिवसाचं पाणी:
मग नवीन चालू कर. फायररेडची सेव्ह कार्ट्रिजमध्ये बॅटरीवर नसते, जाणार नाही. भाऊ म्हणतोय रविवारी ये.

बार्शी एसटी:
परत पहिल्यापासून आठ बॅज जिंकायचे?

बाळीवेस:
आणि स्पीड डबल नाही बरं का त्यात.

बार्शी एसटी:
रविवारी पाणी आहे का तुमच्याकडे, म्हणजे तसं बघून निघतो.