देव आकलनापलीकडचा आहे म्हणतात, मग आपण नेमका कशावर विश्वास ठेवतो?

कोरी_वही:
नमस्कार, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या. मी जन्मापासून ख्रिस्ती, संडे स्कूल वगैरे सगळं झालेलं. मार्चमध्ये आई गेली. सात आठवडे आयसीयूबाहेरच्या एकाच बाकावर बसून प्रार्थना केली. दफनविधीनंतर चर्चमधल्या एकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "देवाचे मार्ग आपल्याला कळत नसतात गं," आणि लगेच घड्याळात बघितलं. वाक्यापेक्षा ते घड्याळच डोक्यात राहिलंय.

बायबलमधला यशया ५५ मला माहितीये, त्याचे विचार आपले विचार नव्हेत, मान्य. पण मग प्रार्थना करतेय ती कोणाला? चांगलं झालं की "देव किती प्रेमळ", वाईट झालं की "देव कळत नाही", हा तर डबल गेम झाला ना? कृपया उपदेश नको, खरंच विचारतेय.

पेन्सिलवाला:
आईबद्दल वाचून वाईट वाटलं. उपदेश नाही करत, फक्त बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक (निर्दोष असून सगळं गमावलेल्या माणसाचं) परत काढून वाच असं म्हणेन, आणि तेही त्याच्या मित्रांकडे लक्ष ठेवून. ते येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात, तिथपर्यंत एकदम बरोबर. तोंड उघडतात आणि माती खातात. तुझं काहीतरी पाप असणार, देव न्यायी आहे, हिशोब सरळ आहे!! त्यांना देव पूर्ण कळलेला असतो. ईयोब मात्र भांडतो, ओरडतो, जाब विचारतो. आणि शेवटी (४२:७) देव चिडतो कोणावर, तर मित्रांवर. म्हणतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही.

म्हणजे "देव कळत नाही" हे वाक्य दुसऱ्याचं रडणं थांबवायला नाहीच मुळी. ज्याला वाटतं मला देव कळलाय त्याला गप्प करायला आहे. तुझ्या त्या घड्याळवाल्यांनी ते उलटं वापरलं.

तर्कट_माणूस:
मी आस्तिक नाही, तरी विचारतो. ईयोबला कारण काय मिळालं? देव वादळातून येतो आणि रानबकऱ्या कधी वितात, शहामृग अंडी वाळूत कशी टाकून जाते असलं काहीबाही विचारतो. हे उत्तर आहे का विषय बदलणं? शिवाय देव एवढा अगम्य आहे तर ३२५ साली निकेयात चर्चची सभा भरवून पुत्र, म्हणजे येशू, पित्याशी "एकतत्त्व" आहे असा शब्दाशब्दाचा कीस कशाला काढला?

अर्धा_पाळक:
(थिऑलॉजी अर्धवट सोडलेला आहे, नावावरून कळलंच असेल)

तर्कटभाऊ, निकेयाचा प्रश्न चांगलाय. पण मतांगीकार (चर्चने ठरवलेलं विश्वासाचं सूत्र) हा देवाचा नकाशा नाही, ते कुंपण आहे. एरियस नावाचा पाळक म्हणत होता पुत्र निर्माण केलेला आहे, तर सभेने सांगितलं की असं म्हणायचं नाही. पिता-पुत्र हे नातं आतून कसं चालतं ते त्यांनीही उलगडून सांगितलेलं नाही. उलट नंतर काही लोक म्हणायला लागले की देवाचं मूळ स्वरूपच आम्हाला कळलंय, तेव्हा योहान ख्रिसोस्तम या धर्मोपदेशकाने ३८६ च्या सुमारास अंत्युखियात त्याच विषयावर प्रवचनांची मालिका लावली, की बाबांनो, देवदूतांनासुद्धा ते कळत नाही. १२१५ च्या लॅटरन सभेचं (तीही चर्चचीच सभा) तर सरळ म्हणणं आहे की निर्माता आणि निर्मिती यांच्यात कितीही साम्य दाखवा, फरक त्याहून मोठाच असणार. आणि थॉमस ॲक्विनास हा धर्मपंडित, ज्याने आयुष्यभर देवाबद्दल ढीगभर लिहिलं, त्याने डिसेंबर १२७३ मध्ये लिहिणंच बंद केलं, म्हणाला मी लिहिलेलं सगळं मला पेंढ्यासारखं वाटतंय.

कोरी_वही, तुझा डबल गेमचा मुद्दा मला पटतो. आपण तसं करतो, आणि ते चूकच आहे. आकलनापलीकडे असेल तर आनंदाच्या दिवशीही असायला हवा, नोकरी लागली की देवाचा प्लॅन आपल्याला लगेच कसा काय समजतो? पण प्रेमळ आहे हे कशावरून, तर ते आपण अंदाजाने काढलेलं नाही असं ख्रिस्ती विश्वास म्हणतो. योहान १:१८ बघ, देवाला कोणी कधी पाहिलं नाही, पुत्राने त्याला प्रगट केलं. आणि पुत्र म्हणजे कोण, तर आपला मित्र लाजर याच्या कबरेशी रडणारा, वधस्तंभावर "तू माझा त्याग का केलास" असं विचारणारा. त्यालाही त्या क्षणी कारण दिलेलं नाही. मी तेवढंच धरून आहे, बाकी खूप काही सुटलंय हातातून.

तर्कट_माणूस:
पटलं नाही, पण कुंपणाचं आवडलं.

कोरी_वही:
थँक्स सगळ्यांना, खरंच. रात्री आईचं बायबल काढलं, ४२:७ शोधायला. तिथे काहीच खूण नाहीये. पण आधीच्या पानांवर त्या शहामृगाच्या ओळींखाली तिने पेन्सिलने दोनदा रेघ मारलीये. शहामृगच का, काही कळेना. बराच वेळ बघत बसले आणि मग चक्क हसू आलं.