मदत हवी आहे: फोम गनमधून फेस येत नाही, नुसतं साबणाचं पाणी

केळीबाग:
ऑनलाइन फोम गन मागवली. व्हिडिओत गाडीवर दह्यासारखा फेस बसतो, माझ्याकडे ताक येतं आणि दारावरून सरळ खाली जातं. शाम्पू दुप्पट केला, नॉब दोन्हीकडे फिरवला, फरक नाही. रविवारी गाडी लग्नाला न्यायची आहे. गन परत करू की शाम्पू बदलू, एवढंच सांगा.

रेल्वे_कॉलनी:
एवढ्यावर कोणी काय सांगणार? गन बागेच्या पाइपला लागणारी की प्रेशर वॉशरला (मोटरनं पाण्याचा दाब वाढवणाऱ्या यंत्राला) लागणारी? पाणी नळाचं, बोअरचं की टाकीचं? टाकी किती उंच? शाम्पू किती मिली?

केळीबाग:
फोम गनच आहे हो. खाली बाटली, वर नॉब. शाम्पू कारचाच आहे. पाणी घरचंच.

भरीत_पार्टी:
भांड्यांचं लिक्विड टाका दोन झाकणं. फेस नाही आला तर नाव बदलेन.

रेल्वे_कॉलनी:
भांड्यांचं लिक्विड तेलकटपणा ओढायला बनवलेलं असतं, ते गाडीवरचं वॅक्सही ओढून नेतं. एकदा वापरल्यानं रंग उडत नाही, पण दर आठवड्याला वापरलं की पाण्याचे गोल थेंब घरंगळायचे बंद होतात आणि पाणी पत्र्यावर पसरून बसतं. दादा, 'घरचं पाणी' म्हणजे कुठलं?

गिरणाकाठ:
बोअर असेल तर पाणी जड असणार, दुसरं काही नाही. घरीच तपासा. दोन सारख्या बाटल्या घ्या, एकीत अर्धी बाटली आरओचं पाणी, दुसरीत तुमचं. दोन्हीत शाम्पूचे पाच-पाच थेंब, झाकण लावून वीस वेळा हलवा. पाच मिनिटांनी कुठल्या बाटलीत किती बोटं फेस उरला ते बघा. टीडीएस पेनवर भरवसा नको, तो सगळे क्षार मोजतो. फेसाला नडतात ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियम.

केळीबाग:
बोअरचंच आहे. पेनवर ११०० दाखवतं. टाकी गच्चीवर, घर एकमजली. पाइप अर्धा इंची, ५० फूट. म्हणजे पाण्याचाच दोष ना?

रेल्वे_कॉलनी:
आता कुठे गाडी रुळावर आली. पाणी जड आहे, पण मुख्य दोष दाबाचा. १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो. तुमची टाकी नळापासून फार तर ५ मीटर वर, म्हणजे ०.५ बार. त्यात अर्धा इंची ५० फूट पाइप थोडा खातो. बागेच्या पाइपवरच्या फोम गनला २.५ ते ३ बार लागतो.

आत काय होतं ते बघा. पाणी बारीक भोकातून जोरात गेलं की तिथला दाब घटतो, म्हणून बाटलीतून शाम्पू आणि बाजूच्या छिद्रातून हवा ओढली जाते. पुढच्या जाळीत तिघांची घुसळण होऊन फेस बनतो. तुमच्याकडे पाणी जोरातच जात नाही, मग ओढणार कोण?

खात्री करायची असेल तर बाटली काढा, गन चालू ठेवा आणि खाली लोंबणाऱ्या नळीच्या टोकाला बोट लावा. बोट ओढल्यासारखं वाटलं तर गन ठीक आहे. काहीच वाटलं नाही, किंवा नळीतून उलट पाणीच टपकलं, तर दाब कमी. शाम्पू बदलून उपयोग शून्य.

आणि एक, दाब मिळाला तरी या गनचा फेस पातळच असतो. दह्यासारखा फेस प्रेशर वॉशरवरच्या फोम कॅननचा. विकणारे दोन्हीला एकच नाव देतात, व्हिडिओ मात्र कॅननचा दाखवतात.

गिरणाकाठ:
जड पाणी सोडून दिलंत तुम्ही.

रेल्वे_कॉलनी:
सोडलं नाही, दुसऱ्या नंबरला ठेवलं. कार शाम्पू म्हणजे साबण नव्हे, डिटर्जंट. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो, डिटर्जंटचा फेस कमी होतो पण मरत नाही. ११०० च्या पाण्यात ताकाइतका पातळ फेस फक्त पाण्यामुळे होणार नाही.

कपाशी_पट्टा:
पाठीवरचा बॅटरीचा फवारणी पंप आहे ना घरी? १६ लिटर, ३ बारपर्यंत दाब देतो. त्यात शाम्पू टाका अन् मारा. खर्च शून्य.

तापी_खोरं:
हाई भलतंच शे भो. त्या पंपाच्या नोझलनं बारीक फवारा पडतो, फेस नाही. फेसाच्या नोझलमध्ये हवेचं छिद्र आणि जाळी लागते, फवारणीच्या नोझलमध्ये ती नसते. त्यात कीटकनाशकाचा पंप असेल तर उरलेलं औषध तुमच्या हाताला, गाडीच्या हँडलला. तणनाशकाचा असेल तर विचारूच नका, २,४-डीचा अंश राहिलेला पंप कपाशीवर गेला की पानं वाकडी होतात. ते पंप वेगळेच ठेवावेत, त्यात गाडी कुठे आणता?

कपाशी_पट्टा:
तीनदा धुऊन घ्यायचा, काही होत नाही.

तापी_खोरं:
तीनदा धुतलेल्या पंपात पाणी भरून तुम्ही पिऊन दाखवा, मग बोलू.

मोटर_वायंडिंग:
बोअर आहे म्हणताय तर दाब घरातच आहे. सबमर्सिबल पाणी गच्चीपर्यंत चढवते, तिच्या वर चढणाऱ्या पाइपला जमिनीजवळ टी (तीन तोंडांचा जोड) लावा, तिथे नळ आणि ०–७ बारचं प्रेशर गेज. टाकीकडचा व्हॉल्व्ह हळूहळू अर्धा दाबा, गेजवर ३ बार आला की थांबा. गन लावा.

टाकीकडचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायचा नाही. गनचा ट्रिगर सोडला की पाण्याला वाट राहत नाही, गेज भसकन वर जातो आणि चिकटवलेला सांधा सुटतो किंवा क्लॅम्प उडतो. टाकीकडे वाट उघडी असली की जादा पाणी तिकडे जातं.

टाकीच्या खाली अर्धा एचपीचा मोनोब्लॉक पंप लावणारेही असतात. कागदावर २०–२५ मीटर हेड (पाणी चढवायची उंची) म्हणजे २–२.५ बार, तोही जवळपास बंद पाइपवर. वाहत्या पाण्यात कमी. त्यात ट्रिगर बंद ठेवून पंप चालू राहिला तर आतलं पाणी तापतं, सील जातं. बायपास टी लावून पाणी परत टाकीत सोडलं तरच करा. नगरपालिकेच्या लाइनला मात्र थेट मोटर लावू नका. ते बेकायदा आहे आणि लाइनला गळती असेल तर आजूबाजूचं घाण पाणीही ओढलं जातं.

भरीत_पार्टी:
एका गाडीला एवढी प्लंबिंग? रविवार कधी आहे भाऊ, या की पुढच्या?

शाइन_मारतो:
कॅनन वापरणाऱ्यांसाठी सांगतो. फेस पातळ झाला की लोक शाम्पू वाढवतात. आधी आतली गोल स्टीलची जाळी काढून बघा, बोअरच्या पाण्यानं ती पांढरी पडलेली असते. व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला ६ लिटरच्या आसपास पाणी देत असेल तर कॅननमधलं पाण्याचं १.२५ मिमीचं छिद्र मोठं पडतं, १.१ चं बसवा, लगेच जाडपणा येतो. काम झालं की बाटलीत साधं पाणी भरून अर्धा मिनिट चालवायचं, नाहीतर शाम्पू आत वाळतो.

केळीबाग:
माझ्याकडे कॅनन नाही, वॉशर पण नाही.

शाइन_मारतो:
घ्या मग. १५०० वॅट म्हणजे साडेसहा अँपियर, १६ च्या सॉकेटलाच लावा, बारीक एक्स्टेंशन नको.

रेल्वे_कॉलनी:
त्यांना रविवारी गाडी धुवायची आहे, वॉशिंग सेंटर काढायचं नाही.

केळीबाग दादा, सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे हातानं हवा भरायचा २ लिटरचा फोम पंप. दाब हातानं येतो, त्यामुळे टाकीच्या उंचीचा प्रश्न मिटतो. आणि यात गिरणाकाठ भाऊंचा मुद्दाही सुटतो. गनमध्ये बाटलीत आरओचं पाणी टाकून उपयोग नसतो, कारण बाकी सगळं पाणी पाइपमधून येतं आणि ते जडच असतं. हातपंपात मात्र सगळं पाणी तुम्हीच भरता, म्हणून पूर्ण आरओचं भरता येतं.

माप: १.३ लिटर पाणी, ४० ते ५० मिली शाम्पू. आधी पाणी, मग शाम्पू, नाहीतर भरतानाच फेस तोंडापर्यंत येतो. वरचा एक तृतीयांश भाग रिकामा हवा, दाबलेली हवा तिथेच राहते. पूर्ण भरलात तर चार दाबात दाब येतो आणि चार सेकंदांत संपतो. २५–३० वेळा दांडा मारा. अर्ध्यात फेस पातळ व्हायला लागला की पुन्हा दहा-बारा. एका छोट्या गाडीला एवढं पुरतं. उघडण्यापूर्वी वरचा व्हॉल्व्ह ओढून हवा सोडा, नाहीतर झाकण तोंडावर.

गिरणाकाठ:
हे पटलं. आरओ नसेल तर एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरा, त्यात क्षार जवळपास नसतात.

भरीत_पार्टी:
आमच्याकडे कूलर. ते पण ठिबकतं.

गिरणाकाठ:
ते उलटं. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, म्हणून पॅडवर पांढरे थर चढतात. टाकीत उरलेलं पाणी बोअरपेक्षाही जड. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. चाकांच्या वरची काळी माती काढायला चालेल, काचेवर आणि बोनेटवर नको.

उन्हाळी_वाळवण:
पाणी, दाब सगळं झालं, वेळ कोणी सांगितली नाही. मे महिन्यात इकडे ४४–४५ असतं, दुपारी बोनेटवर फेस दोन मिनिटांत वाळतो आणि वाळलेला फेस डाग सोडतो. सकाळी सातच्या आत, सावलीत, इंजिन गार असताना. बोनेटला तळहात लावा, कोमट वाटलं तर थांबा.

क्रम: आधी चाकं. मग नुसत्या पाण्यानं धूळ काढा, मडगार्डच्या आतून विशेष, काळी माती तिथे गोळे करून बसते. ओल्या गाडीवर फेस मारा, ३ ते ४ मिनिटं थांबा, पण वाळायच्या आत धुवा. फेसानं फक्त सुटी धूळ खाली येते. पत्र्यावर बोट फिरवलं तर चिकट पातळ थर तसाच असतो, तो मायक्रोफायबरच्या हातमोज्यानंच निघतो. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत हातमोजा खंगाळायला साधं पाणी. जुनी बनियन नको, तिच्यात अडकलेली वाळू गोल गोल ओरखडे काढते, काळ्या गाडीवर उन्हात स्पष्ट दिसतात. शेवटी लगेच पुसा, बोअरचं पाणी वाळू दिलं तर प्रत्येक थेंबाचं पांढरं कडं राहतं.

शाइन_मारतो:
फेस वरून खाली मारायचा की खालून वर?

उन्हाळी_वाळवण:
खालून वर. खालचा भाग जास्त मळका, त्याला वेळ जास्त मिळतो.

शाइन_मारतो:
वरून मारला तर तोच फेस खाली वाहत येतो, दोनदा काम होतं.

तापी_खोरं:
चार मिनिटांत काय फरक पडतो? वाळू देऊ नका म्हणजे झालं.

नळ_आला_का:
आठ-आठ दिवस नळ येत नाही आणि इथे फेसाची चर्चा. बादली आणि फडकं पुरतं गाडीला.

उन्हाळी_वाळवण:
पाइप मोकळा सोडला तर मिनिटाला १५ लिटर जातं, दहा मिनिटं सोडलात की १५०. हातपंप दीड लिटर, आधीचं आणि नंतरचं धुणं धरून तीन-चार बादल्यांत गाडी होते. मोकळ्या पाइपपेक्षा हे कमीच.

पपई_केळी:
गाडीवर केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेत, घड भरून नेल्यावर. फेसानं जातील का?

केळीबाग:
बोट लावून पाहिलं. काहीच ओढत नाही, उलट नळीतून पाणी टपकतंय. म्हणजे दाबच नाही. गन परत टाकली, हातपंप मागवला, शनिवारी येतोय. नोझलच्या आत पांढरा स्पंजचा तुकडा दिसतोय फोटोत, तो काढायचा का?

रेल्वे_कॉलनी:
काढू नका! फेस तोच बनवतो. तो काढला की पुन्हा ताक. काम झाल्यावर साधं पाणी भरून सात-आठ दाब मारून धुवा, शाम्पू त्यात वाळला की पुढच्या वेळी धार येईल. पहिल्यांदा आधी भिंतीवर मारून बघा. फेस भिंतीवर अर्धा मिनिट टिकला तर माप बरोबर, लगेच ओघळला तर शाम्पू १० मिलीनं वाढवा.

पपई_केळी:
चिकाचं कोणी सांगेल का?