‘घरी सर्व्हर ठेवणं हा पोरखेळ’ म्हणणाऱ्यांना

जागता_पहारा
काल दुसऱ्या धाग्यावर रात्रपाळी यांनी लिहिलं की घरी सर्व्हर चालवणं हा पोरखेळ आहे. फोटो, पासवर्ड, फायली मोठ्या कंपनीकडे सोपवा आणि निवांत झोपा. तिथेच दोन ओळी टाकून गप्प बसणार होतो, पण राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

निवांत कसं झोपायचं? गूगल रीडर, ब्लॉग-बातम्या एका जागी वाचायची सेवा, १ जुलै २०१३ ला बंद केलं, लोकांनी कितीही आरडाओरडा केला तरी. गूगल फोटोजची अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून गेली. हे निदान आधी सांगून झालं. माझं एका सेवेवरचं खातं एका सकाळी ‘नियमभंग’ म्हणून बंद. कोणता नियम, कुठली फाइल, काही पत्ता नाही. अपील केलं की तेच ठरीव उत्तर, आणि माणूस गाठायची सोयच नाही. पोरीचे जन्मापासूनचे फोटो आत अडकले ते अडकलेच.

आता जुन्या लॅपटॉपवर डेबियन लिनक्स, त्यावर फोटोंसाठी इमिच, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, पासवर्डसाठी व्हॉल्टवॉर्डन. वीज गेली तर त्याची बॅटरी आहेच. बाहेरून यायला फक्त वायरगार्ड, म्हणजे घरापर्यंतचा खासगी, कुलूपबंद बोगदा (व्हीपीएन). ओळखीची किल्ली नसेल तर ते पॅकेटला उत्तरच देत नाही, स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. यात पोरखेळ कुठला?

रात्रपाळी
शब्द माझाच, आणि कायम आहे. दिवसभर हेच काम करतो म्हणून लिहिलं. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर टोळीने इंटरनेटवर उघडे असलेले क्यूनॅप कंपनीचे नॅस (घरी फायली साठवायचे डबे) गाठले, फायली एन्क्रिप्ट केल्या, म्हणजे किल्लीशिवाय न उघडणाऱ्या करून टाकल्या, आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली. त्यातले कितीतरी ‘माझा डेटा माझ्या घरी’ म्हणणारेच असणार. लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीतल्या डेटाचोरीचं नाव तुम्ही लोक नेहमी पुढे करता. ती चोरी झाली कशी? त्यांच्या एका इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर त्रुटी असलेलं मीडिया सॉफ्टवेअर होतं, त्यातून. घरच्या! तुमच्या लॅपटॉपचे अपडेट तुम्ही आजारी पडलात तर कोण करणार?

जागता_पहारा
अहो, सेवा थेट इंटरनेटवर मांडून ठेवणारे वेगळे आणि मी वेगळा. वर काय लिहिलंय ते आधी वाचा. रोज रात्री रेस्टिक या बॅकअपच्या प्रोग्रॅमने एक बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जातो, दुसरा एन्क्रिप्ट होऊन भावाच्या घरी.

नॅटबंदी
वायरगार्डचं कौतुक ठीक आहे, पण आमच्यासारख्यांचं काय? राउटरमध्ये वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा आयपी पत्ता बघितला तर १००.६४ ने सुरू. म्हणजे कॅरिअर ग्रेड नॅट, इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते ते. राउटरवर पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला घरच्या मशीनकडे वळवून, काडीचा उपयोग नाही, कारण सार्वजनिक पत्ता माझा नाहीच. शेवटी भाड्याचा व्हीपीएस (डेटा सेंटरमधला आभासी सर्व्हर) घेऊन त्यातून बोगदा काढावा लागला. ‘सगळं माझ्या घरी’ म्हणायचं आणि दरवाजा दुसऱ्याच्या डेटा सेंटरमध्ये!

पोस्ट_पेटी
फोटोंचं काय घेऊन बसलात? सगळ्या खात्यांचे पासवर्ड रीसेट होतात ते ईमेलवर. तोच दुसऱ्याच्या हातात ठेवून स्वावलंबनाच्या गप्पा मारू नका. मी ईमेलचा सर्व्हर, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट, घरीच चालवतो.

रात्रपाळी
आणि पत्रं पोचतात?

पोस्ट_पेटी
पोचतात. पत्र खरंच माझ्याकडचं आहे हे समोरच्याला पडताळता यावं म्हणून एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क, उलटा डीएनएस (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी नोंद) सगळं नीट लावलंय. सर्व्हर दिवसभर बंद राहिला तरी येणारं पत्र हरवत नाही, पाठवणाऱ्याचा सर्व्हर काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो.

नॅटबंदी
येणाऱ्याचं सांगू नका, जाणाऱ्याचं बोला. घरगुती जोडणीवर बहुतेक ठिकाणी पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना पत्रं देतात ती वाट) बंद, उलटा डीएनएस आपल्या हातात नाही, आणि घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत, म्हणजे जिथून थेट पत्र येऊ नये अशा पत्त्यांत. मी नोकरीचा अर्ज स्वतःच्या सर्व्हरवरून पाठवला होता. लॉगमध्ये ‘२५० ओके’, म्हणजे समोरच्या सर्व्हरने पत्र घेतलं. उत्तर आलं नाही म्हणून फोन केला, तर ते स्पॅममध्ये पडलेलं आणि मुलाखती उरकलेल्या. त्या दिवसापासून ईमेलला घरात थारा नाही.

पोस्ट_पेटी
तुमची मांडणी चुकली असेल. मी बाहेर पाठवायला रिले वापरतो.

नॅटबंदी
रिले!! म्हणजे तुमचंही प्रत्येक पत्र तिसऱ्याच्याच हातून जातं. मग वर कुठल्या तोंडाने शिकवत होतात?

पोस्ट_पेटी
तोंड सांभाळून बोला. पेटी माझ्या डिस्कवर आहे, वीस वर्षांची पत्रं माझ्याकडे आहेत. फक्त बाहेर सोडायचं काम दुसऱ्याकडे. एवढा फरक कळत नसेल तर चर्चा कशाला?

शेवंती
ईमेलवरून भांडणं थांबवा, धाग्याचा विषय तो नाही. रात्रपाळींचा ‘आजारी पडलात तर’ हा प्रश्न सगळ्यांनी सोयीस्करपणे टाळलाय. आमच्या घरचं सगळं माझा दादा बघायचा. फोटो, कागदपत्रं, आईच्या औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं त्याच्या सर्व्हरवर. तो अचानक गेला. आठवड्याभराने वीज गेली, मशीन पुन्हा सुरू झालं आणि काळ्या पडद्यावर डिस्कचा पासफ्रेज (कुलूप उघडायचा लांब पासवर्ड) मागत थांबलं. तो फक्त दादाच्या डोक्यात होता. त्याचे बॅकअपही होते, तेही एन्क्रिप्टेड. दुकानात विचारलं, त्याच्या मित्रांना विचारलं, कुणीही काही करू शकलं नाही. गूगलमध्ये निदान आपल्यामागे खात्यातला डेटा कुणाला द्यायचा ते ठरवून ठेवता येतं. तुमच्यापैकी कुणाच्या बायकोला, नवऱ्याला, आईला हा पासफ्रेज माहीत आहे?

रात्रपाळी
मला हेच म्हणायचं होतं. तुमच्या दादाबद्दल फार वाईट वाटलं.

जागता_पहारा
शेवंतीताई, तुमचं म्हणणं मान्य. माझ्या घरीही कुणाला माहीत नाही. आज कागदावर लिहून बंद पाकिटात बायकोकडे देतो, सोबत रेस्टिकचा पासवर्ड आणि भावाचा नंबर. पण रात्रपाळी, यावरून पोरखेळ सिद्ध होत नाही. माझं खातं बंद झालं तेव्हा मी जिवंत असूनही काही करू शकलो नव्हतो.

रात्रपाळी
बरं, ‘पोरखेळ’ तुमच्यापुरता मागे घेतो. बाकीच्यांसाठी नाही. पण पाकीट देऊन भागणार नाही. बायकोला समोर बसवा आणि त्या कागदावरून एक फोटो तिच्याच हाताने रिस्टोअर करून घ्या. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.

पोस्ट_पेटी
ते सगळं ठीक आहे, पण रिले म्हणजे परावलंबन कसं, ते नॅटबंदी यांनी अजून सांगितलेलं नाही.