कॅलिफोर्नियात साधी पिंजऱ्यातली अंडी का मिळत नाहीत?

नुकतीच टेक्सासहून सॅन होजेला आलेय, इथे प्रत्येक डब्यावर केज फ्री लिहिलंय आणि तिकडची स्वस्तातली अंडी कुठेच दिसत नाहीत, हा कायदा आहे की दुकानांची मर्जी?

उत्तर १: कायदाच आहे ताई. २०१८ ला लोकांनी मतदान करून प्रपोझिशन १२ पास केलं आणि २०२२ पासून पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं इथे विकायलाच बंदी, मग ते आयोवासारख्या दुसऱ्या राज्यातून आलेलं असलं तरी.

उत्तर २: पण महाग किती पडतं! बर्ड फ्लूत तर डझनाचे भाव बघून आईला ऑम्लेट नको म्हणावं लागलं.

उत्तर १: भाव वाढला तो मुख्यतः कोट्यवधी कोंबड्या माराव्या लागल्या म्हणून, कायद्याने थोडा वाढतो हे मान्य. पण मी असा पिंजरा जवळून पाहिलाय, एका कोंबडीला ए-फोर कागदापेक्षाही कमी जागा, पंख पसरायचं तर सोडाच नीट वळताही येत नाही, मानेची पिसं जाळीला घासून गेलेली. त्यापुढे दोन डॉलर जास्त गेले तरी मला चालतात.

उत्तर ३: केज फ्री म्हणजे मोकळं अंगण नव्हे हं, शेडमध्येच असतात, फक्त फिरायला, बसायला दांडी आणि अंडी घालायला खोपा मिळतो. बाहेर सोडलेल्या कोंबड्यांची अंडी हवी असतील तर डब्यावर पाश्चर रेझ्ड, म्हणजे कुरणात वाढवलेल्या, असं लिहिलेलं बघा.